समुद्री गोगलगायीची नवी प्रजाती: विदर्भात बसून नाव देण्यापर्यंतचा रस्ता

तुम्ही गोंदिया, गडचिरोली किंवा वाशीमच्या एखाद्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत असाल आणि समुद्री गोगलगायींवर काम करायचे म्हणाल, तर पहिला सल्ला मिळतो तो ‘विषय बदला’ असा. समुद्र कुठे, आपण कुठे! हा सल्ला मानू नका. कोकणातल्या बंदरावरून आलेल्या एका लहानशा शंखाचे वर्णन करणाऱ्या गटात मी होतो, आणि त्यातले बहुतेक काम भंडारा जिल्ह्यातल्या कॉलेजच्या टेबलावर झाले. किनाऱ्यावर जावे लागते, पण थोडे. तुलना, जुने वाचन, मोजमाप, पत्रव्यवहार आणि लेखन यांतच खरा वेळ जातो, आणि ते कुठेही बसून करता येते.

नवी प्रजाती गोळा होण्यापासून तिचे वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. एवढी वर्षे तो नमुना कुठल्या तरी संग्रहालयाच्या खणात पडून असतो. म्हणजे अडचण शंख न मिळण्याची नाही, शंखाकडे बसून पाहणाऱ्या माणसांची आहे. अशी माणसे आपल्याकडूनही निघाली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा लेख.

१. आधी घरातल्या शंखापासून वर्गीकरण समजून घ्या

समुद्री गोगलगाय विदर्भात नाही असे नाही. देवघरातला शंख आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायच्या माळेतली कवडी, दोन्ही समुद्री गोगलगायींची कवचे आहेत. नव्याने शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

पूजेच्या शंखाचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. वर्गीकरण वरून खाली असे उतरते: संघ मोलस्का, वर्ग गॅस्ट्रोपोडा, उपवर्ग सीनोगॅस्ट्रोपोडा, गण निओगॅस्ट्रोपोडा, अधिकुल टर्बिनेलॉइडिया, कुल टर्बिनेलिडी, जीनस टर्बिनेला, प्रजाती पायरम. कवडी, म्हणजे मोनेटारिया मोनेटा, त्याच उपवर्गातली, पण गण लिटोरिनिमॉर्फा आणि कुल सायप्रीइडी. धानाच्या बांधीत आणि बोडीत सापडणारी, बी.एस्सी.ला तुम्ही जिचा अभ्यास केला ती पायला गोड्या पाण्यातली असूनही सीनोगॅस्ट्रोपोडातच येते. उलट पावसाळ्यात भाजीपाला फस्त करणारी आफ्रिकी गोगलगाय हेटरोब्रँकिया या वेगळ्या उपवर्गातली. राहण्याची जागा पाहून नाते ठरवता येत नाही, हे एवढ्यातच कळते.

आता नावामागच्या कंसाकडे पाहा. लिनीअसने १७६७ मध्ये पूजेच्या शंखाला व्हॉल्युटा पायरम म्हटले होते. पुढे ही प्रजाती टर्बिनेला या जीनसमध्ये गेली, म्हणून आज नावामागे ‘लिनीअस, १७६७’ हे कंसात लिहितात. प्रजाती अजून मूळ जीनसमध्येच असती, तर कंस आला नसता. कवडीचेही तसेच: १७५८ मध्ये ती सायप्रीआ मोनेटा होती. विद्यार्थी हा कंस शोभेचा समजून कुठेही लावतात किंवा काढतात, आणि लेख तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच शंका येते.

कुलांची सध्याची मांडणी बहुतांशी बूशे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दिलेल्या वर्गीकरणावर चालते. जुन्या क्रमिक पुस्तकातले प्रोसोब्रँकिया, ओपिस्थोब्रँकिया, पल्मोनाटा हे तीन भाग परीक्षेत लिहावे लागत असतील तर लिहा, लेखात मात्र नको.

२. नमुना गोळा करताना: चिठ्ठीशिवाय शंखाला किंमत नाही

मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांवर ट्रॉलरच्या जाळ्यातला टाकाऊ माल बाजूला फेकलेला असतो. लहान, कोणी न पाहिलेले शंख त्यात मिळतात. गोळा करतानाच ही माहिती लिहून घ्या:

- बंदराचे नाव, आणि जाळे कुठे टाकले होते ते खलाशाला विचारून
- खोली. कोळी ती वावात (खोलीचे जुने माप) सांगतात, तशीच लिहा, मीटर नंतर करा
- तळ रेतीचा, चिखलाचा की खडकाळ
- तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव
- प्राणी जिवंत होता, मेलेला होता, की नुसते कवच

चिठ्ठी पेन्सिलीने, जाड कागदावर लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरचे लेबल गळून पडते.

दुकानातून विकत घेतलेल्या शंखावर नवी प्रजाती उभी करू नका. तो कुठून आला ते विक्रेत्यालाही माहीत नसते. फिलिपिन्सचा माल गणपतीपुळ्याच्या नावाने विकला जाऊ शकतो.

जिवंत कोनस, म्हणजे शंकूसारखा शंख, उघड्या हाताने उचलू नका. त्याचा विषारी दात भाल्यासारखा बाहेर येतो, आणि कोनस जिओग्राफससारख्या प्रजातीच्या दंशाने माणसे दगावली आहेत.

कायद्याचे आधीच पाहून घ्या. काही समुद्री शंख २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. कॅसिस कॉर्न्यूटा आणि कॅरोनिया ट्रायटोनिस ही त्यातली ठळक नावे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय रिकामे कवचही उचलू नये. ‘कॉलेजचे काम आहे’ असे तोंडी सांगून भागत नाही.

३. घरी आणताना: अल्कोहोल आणि रेल्वे

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. डीएनए काढायचा असेल तर मांसाचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा लागतो. शरीररचना पाहायची असेल तर ७० टक्के पुरते. फॉर्मेलिन टाळा: डीएनए खराब होतो आणि फॉर्मेलिन आम्लधर्मी झाले की पातळ कवच झिजते. मारण्याआधी जिवंत प्राण्याला मॅग्नेशियम क्लोराइडच्या सुमारे साडेसात टक्के द्रावणात ठेवून सैल होऊ द्या, नाहीतर तो आत आक्रसतो आणि काहीच दिसत नाही.

इथेनॉल ज्वलनशील आहे. भरलेल्या बाटल्या घेऊन रेल्वेत चढणे नियमाविरुद्ध आणि धोक्याचे. नमुने काही दिवस अल्कोहोलमध्ये मुरू द्या. निघताना द्रव ओतून टाका, ओलसर सुती कापडात गुंडाळा, एकात एक अशा तीन झिप पिशव्यांत बंद करा. घरी पोहोचताच ताजे अल्कोहोल घाला.

प्रयोगशाळेचे इथेनॉल परवान्यावरच मिळते. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, त्यामुळे तिथे विशेष काळजी घ्या. प्राचार्यांच्या सहीचे पत्र, खरेदीचे बिल आणि परवान्याची प्रत नमुन्यांजवळच ठेवा. साठ्याच्या नोंदवहीत प्रत्येक वापर लिहा.

सुकी कवचे लाकडी कपाटात ठेवू नका. लाकूड आणि पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ आणि पावसाळ्यातली दमट हवा मिळून कवचावर पांढरी भुकटी धरते आणि चकाकी कायमची जाते. पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात हे पटकन होते. प्लास्टिकचे डबे आणि सिलिका जेल वापरा.

४. ‘नवी’ म्हणण्याआधी: जुनी नावे संपवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शक्य असेल तर वर्ष द्या.

युरोपच्या किनाऱ्यावरच्या लिटोरिना सॅक्सॅटिलिस या छोट्या शंखाला शंभराहून अधिक वेळा नवी प्रजाती म्हणून नाव दिले गेले. रंग वेगळा, जाडी वेगळी, रेघा वेगळ्या, म्हणून दर वेळी कोणाला तरी तो नवा वाटला. आज ती सगळी नावे एकाच प्रजातीची समानार्थी नावे आहेत. तुमचा शंख वेगळा दिसतो, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

काम या क्रमाने करा. मोलस्काबेस आणि वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज या मोफत सूची उघडा. तुमच्या जीनसमधली सगळी नावे उतरवा, आज वैध असलेली आणि रद्द झालेलीही. रद्द नावांकडे दुर्लक्ष केले की पुढचे सगळे कोसळते. तुम्हाला ‘नवी’ वाटलेली प्रजाती कोणीतरी १८५० च्या सुमारास नाव देऊन ठेवलेली असू शकते, आणि पुढे चुकून दुसऱ्या नावाखाली दडपलेली. अग्रक्रमाच्या नियमाने ते जुने नावच पुन्हा उभे राहील.

मग प्रत्येक नावाचे मूळ वर्णन वाचा. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर एकोणिसाव्या शतकातले बहुतेक साहित्य मोफत मिळते. भाषा लॅटिन, फ्रेंच, जर्मन असते. घाबरू नका, शंखाच्या वर्णनातले शब्द थोडेच असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. महिनाभरात वाचता येऊ लागतात.

शेवटी मूळ नमुन्यांचे फोटो मिळवा. भारतीय शंखांचे अनेक जुने मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत आहेत. संग्रहपालाला साधा, नेमका ईमेल लिहा: कोणता नमुना, कोणत्या बाजूचे फोटो, कशासाठी. उत्तर येते. तालुक्याच्या गावातून लिहिले म्हणून कोणी कमी लेखत नाही. प्रश्न नीट असला की पुरते.

इथले नेहमीचे सापळे:

पिल्लू आणि प्रौढ वेगळे दिसतात. अनेक प्रजातींत प्रौढ कवचाचा ओठ जाड होतो. ओठ पातळ असेल तर आधी पिल्लू समजा.

उलट्या दिशेने वळलेले एखादे कवच म्हणजे लगेच वेगळी प्रजाती नव्हे. उलट वळणाचा दुर्मिळ पूजेचा शंखही टर्बिनेला पायरमच.

आणि खास आपल्याकडचा सापळा. नागपूर, यवतमाळ, चंद्रपूरकडे दख्खनच्या काळ्या दगडाच्या थरांमध्ये शंखांचे जीवाश्म मिळतात, आणि लगेच ‘इथे समुद्र होता’ अशी बातमी होते. या आंतरट्रॅपी थरांतले विदर्भातले शंख प्रामुख्याने गोड्या पाण्याच्या तळ्यांतले आहेत. त्यांतला प्रसिद्ध फायसा प्रिन्सेपी, ज्याला सॉवर्बीने १८४० मध्ये नाव दिले, तोही गोड्या पाण्यातलाच. नागपूरजवळच्या टाकळीचे शंख मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले आणि १८६० मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. शंखांना नावे देण्याचे काम विदर्भाच्या मातीत दीडशे वर्षांहून जुने आहे. तेव्हा ‘आपल्याकडे हे कोण करतो’ असे कोणी म्हटले तर टाकळीचे नाव सांगा. जीवाश्मांनाही नाव देण्याचे नियम तेच लागू होतात.

५. पुरावा तीन ठिकाणांहून घ्या

कवच: उंची, रुंदी, मुखाची उंची, वेढ्यांची संख्या. व्हर्नियर कॅलिपर आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढ्यावर सुरुवात होते. एका कवचावर थांबू नका, जितकी मिळतील तितकी मोजा.

टोकावरचे भ्रूणकवच नीट पाहा. पिल्लू पाण्यात तरंगत अन्न खात वाढणारे असेल तर भ्रूणकवचाला वेढे जास्त असतात; अंड्यातून जवळजवळ तयार होऊन बाहेर येत असेल तर वेढे थोडे आणि फुगीर. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती कधीकधी इथेच वेगळ्या निघतात.

दंतपट्टिका, म्हणजे रॅड्युला: पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मांस विरघळवले की पट्टी उरते. ती आणि भ्रूणकवच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. नागपूरच्या मोठ्या संस्थांत बाहेरच्यांना शुल्क भरून हे करून मिळते का, ते मार्गदर्शकामार्फत विचारा. या सूक्ष्मदर्शकासाठी सोन्याचा लेप द्यायला मुख्य नमुना देऊ नका, त्याच्या सोबतचा दुसरा नमुना द्या.

डीएनए: प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक साठ्यातल्या जवळच्या प्रजातींशी ताडून पाहतात. ‘इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती’ असा नियम कुठेच नाही. शिवाय जेनबँकेतली नावेही चुकीची असू शकतात. कवच, दात आणि डीएनए एकाच दिशेने बोलले तरच पुढे जा. दोन एका बाजूला आणि तिसरे उलट निघाले तर थांबा, आणखी नमुने आणा.

६. मुख्य नमुना सार्वजनिक संग्रहात जमा करा

एक नमुना होलोटाइप ठरतो. नाव कायमचे त्याला बांधलेले असते. बाकीचे पॅराटाइप. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रजातीसाठी मूळ नमुना लेखात स्पष्ट ठरवणे बंधनकारक आहे, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल तेही लिहावे लागते.

कॉलेजच्या काचेच्या कपाटात होलोटाइप ठेवू नका, मन कितीही ओढले तरी. शिक्षक निवृत्त होतात, विभाग हलतो, बाटल्या कोरड्या पडतात. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवणे आणि नमुना तिथे जमा करणे आवश्यकच आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था आहे. तिचे एक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच लेख पाठवा. पॅराटाइपची एक जोडी कॉलेजात ठेवता येते, मुलांना दाखवायला तेवढी पुरे.

नमुना किंवा मांसाचा तुकडा परदेशी पाठवायचा असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया विचारून घ्या. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे. पत्र पाठवण्यापेक्षा स्वतः जाऊन विचारणे सोपे पडते.

७. आता नाव

नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेचे. चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव रोमन अक्षरांत, मात्रा-चिन्हांशिवाय. भाषा लॅटिनच हवी असे नाही: मराठी, गोंडी, माडिया, कुठलाही शब्द चालतो. गावावरून नाव दिले तर शेवटी सहसा ‘एन्सिस’ लावतात. एका पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर शेवटी रोमन ‘आय’, बाईच्या सन्मानार्थ ‘ए’ आणि ‘ई’. विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलते, नाम असेल तर बदलत नाही. म्हणून नाव विशेषण आहे की नाम, हे लेखातच लिहून टाका.

त्याच जीनसमध्ये तेच नाव आधी कोणी वापरलेले नाही ना, ते रद्द नावांसकट तपासा.

स्पेलिंग पहिल्या वेळी पक्के करा. छापल्यावर ‘बरे दिसत नाही’ म्हणून बदलता येत नाही. ‘ळ’, ‘ण’, ‘च’ असलेले शब्द रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जातात. एक तऱ्हा निवडा आणि सगळ्या लेखात, फोटोखाली, लेबलवर तीच ठेवा.

स्वतःचे नाव शंखाला देऊ नये. संहितेत तशी मनाई नाही, पण या क्षेत्रात ते वाईट दिसते. नेत्याचे किंवा संस्थाचालकाचे नाव देण्याचा आग्रह होतो, तोही शक्य तेवढा टाळा. माझे मत विचाराल तर ज्या कोळणीने किंवा खलाशाने तो शंख बाजूला काढून ठेवला, त्यांना विचारून त्यांचे नाव द्यावे. त्यांच्याशिवाय तो शंख परत समुद्रात किंवा उकिरड्यावर गेला असता.

८. प्रसिद्धी: नाव कधी जन्मते

नाव प्रबंधात, परिषदेच्या गोषवाऱ्यात किंवा वर्तमानपत्रात आले तर ते वैध होत नाही. उलट नुकसान होते: वर्णनाशिवाय फिरणारे नाव पुढच्या अभ्यासकाला गोंधळात टाकते. म्हणून लेख छापून येईपर्यंत नाव स्टेटसवर टाकू नका, स्थानिक बातमीदारालाही सांगू नका. घरच्यांना आनंद सांगायचा असेल तर नावाशिवाय सांगा.

लेखात हे असलेच पाहिजे:

- ही नवी प्रजाती आहे असे स्पष्ट विधान
- जवळच्या प्रजातींपासून वेगळी करणारी लक्षणे, शब्दांत
- होलोटाइप, त्याचा क्रमांक, संग्रहालयाचे नाव
- नेमके ठिकाण, खोली, तारीख
- नावाची व्युत्पत्ती
- कवचाचे मुखाकडून आणि पाठीकडून फोटो, मोजपट्टीसह

नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर संहितेच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार लेखाची झूबँकेत, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी हवी आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला हवा. तो राहिला तर नाव वैध होत नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. बढतीचे गुण मिळतील, पण ज्या लेखाला शंख ओळखणाऱ्या कोणी तपासलेच नाही, त्यातल्या चुका तुमच्या नावासकट कायम राहतील. मृदुकाय प्राण्यांवरची किंवा वर्गीकरणाची नियतकालिके निवडा. काहींत लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. परीक्षकांचे शेरे कडक येतात. प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर द्या, आणि जिथे ते बरोबर असतील तिथे बदल करा.

९. छापून आल्यानंतर

लेखाची प्रत होलोटाइप असलेल्या संग्रहालयाला आणि मोलस्काबेसच्या संपादकांना पाठवा. जेनबँकेत ‘अनोळखी’ म्हणून ठेवलेल्या डीएनएच्या नोंदीवर नवे नाव घाला. मोजमापांच्या वह्या आणि मूळ फोटो कॉलेजच्या ग्रंथालयात यादीसह जमा करा, कारण पुढे कोणी तुमची प्रजाती तपासायला घेतली तर पहिली मागणी त्यांची येईल. एक रंगीत छापील प्रत बंदरावर, ज्यांनी शंख दिला त्यांच्या घरी पोहोचवा. सोबत मराठीत लिहिलेले एक पान जोडा, आणि तसाच शंख पुन्हा जाळ्यात आला तर ठेवायला चिठ्ठ्यांसकट रिकाम्या बाटल्या देऊन या.